भीमाचं अर्धं राहिलेलं बोलणं

पंचशीला,

तुझा दादा मॅट्रिक झाला आणि लातूर जिल्हा वेगळा झाला, त्या दुष्काळी सालातली एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तोंडाने जमत नाही, म्हणून तू शिकवलेल्या अक्षरांत लिहिते.

काल ओसरीवर तू पोरांना संवाद लिहायला शिकवत होतीस. म्हणालीस, "का रे, म्हातारा बोलता बोलता थांबला, तर त्याचं वाक्य तू कशाला पुरं केलंस? तीन टिंबं दे."

पोरगं म्हणालं, "बाई, मग त्याला काय म्हणायचं व्हतं ते कळंल कसं?"

तू हसलीस. "न्हाई कळत. आपल्या मनाचं घालायचं न्हाई."

मी घातलं होतं. तुझ्या बापाने औशाच्या पाहुण्यांना तुझ्यासाठी शब्द दिला होता. शेवटच्या घटकेला तो मला म्हणाला, "माय, पंचशीलेला..." एवढंच. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "भीमा म्हणाला, पोरीला शिकवा." ते ऐकून तुझ्या ज्ञानोबाकाकाने ती सोयरीक मोडली. तू मास्तरीण झालीस. दर वर्षी पोरं पास झाली की तू बापाच्या फोटोला जाऊन सांगतेस. ते मला बघवत नाही.

आज चाकूरला जाऊन ज्ञानोबालाही हेच सांगते. भाकरी टोपलीत झाकल्या आहेत. शेजारच्या चांगुणाने दोन घागरी पाणी दिलंय, जपून वापर. मी परत आल्यावर बोलायचं का नाही, ते तू ठरव.

मला खरं माहीत आहे ते एवढंच: तुझा बाप, माझा भीमा, त्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.

आजी