भिंतीवरची काच

मी, हुस्निया इम्शिरोविच, मिठाच्या कारखान्यातला निवृत्त पंपवाला, राहणार तुझला शहर, पूर्ण शुद्धीवर आहे. धास्तावलेला असलो तरी वेडा नाही. माझ्यामागे गोंधळ नको म्हणून ही व्यवस्था लिहून ठेवतो.

१. घर. आजोबा विहिरीतलं खारं पाणी उपसून कढईत आटवायचे. आमच्या पिढीने पंप लावले, शहराखालचं मीठ विरघळवून वर खेचलं आणि शहर खाली बसायला लागलं. गल्लीतली निम्मी घरं पाडून झाली. माझं वडिलोपार्जित घर नदीकडे कललं आहे. ते मुलगी झुम्रा हिला देतो. अट एकच: माझ्या पश्चात तिने आईला टेकडीवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यावे आणि घर पाडावे. माझी बायको शेफिका रडेल, भांडेल. झुम्राने ऐकू नये. तिची आई हलेना, म्हणूनच मीही आजवर हललो नाही.

२. भिंतीचा कल मोजायचा माझा ओळंबा मेहुणा रिफात याला. "दाजी, घर सरळ आहे, तुमचं डोकं कललंय," असं तो ईदच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाला होता. त्याने तो आपल्या घरात टांगून बघावा.

३. मला टेकडीवर पुरावे. खालचं कब्रस्तानही खचतंय, आणि जिवंतपणी खचलो तेवढं पुरे झालं.

४. काच. इथे सगळेच भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवतात. घर हललं की ती तडकते. आमची कधीच तडकली नाही, म्हणून मला कशीबशी झोप लागायची. परवा तिच्या कडेला सोनेरी वेलबुट्टी दिसली. ती आमच्या लग्नाच्या फोटोवरची काच होती. शेफिका तडकलेल्या पट्ट्या गुपचूप बदलत होती. मला फार भीती वाटते, माझ्यापेक्षा तिच्या जिवाची. तो फोटो झुम्राने नव्या काचेत बसवून आईच्या उशाशी लावावा.

हे साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं तेव्हा शेफिका कॉफी ओतत होती.

"मी हलत नाही?" ती म्हणाली. "अहो, वडिलांचं घर सोडणं तुमच्या जिवावर येईल म्हणून थांबले मी. काचा काय हौसेने बदलल्या?"

"मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही बोललात?"

सबब कलम १ मध्ये 'माझ्या पश्चात तिने आईला' हे शब्द खोडून 'येत्या शनिवारी तिने आम्हा दोघांना' असे वाचावे. बाकी सर्व कायम, ओळंबासुद्धा.

सही: हुस्निया इम्शिरोविच
साक्षीदार: मुयो सेलिमोविच, शेजारी
स्तोयान लुकिच, पंपावरचा जुना सोबती
तुझला, १४ ऑक्टोबर १९८१