देठाला एक पान

॥ श्री ॥
गुढियारी, रायपूर
१८ सप्टेंबर

चि. नानास गोदाताईचे अनेक आशीर्वाद.

मोतीबिंदू काढल्यापासून हे पहिलंच पत्र. ओळी वाकड्या गेल्या तर आता दोष हाताला दे, डोळ्यांना नाही. फोन करत नाही, कारण मी फोन हातात घेतला की स्वयंपाकघरात अर्चनाची भांडी वाजायची थांबतात. सून चांगली आहे, पण कान तिचे फार चांगले आहेत.

आमच्या घरात काहीतरी शिजतं आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळ्यांनी सीताफळं तोडायला जायचं असं प्रल्हादनं ठरवलं आहे. पहाटे निघायचं, आपल्या हातानं फळं तोडायची, तिथंच जेवायचं आणि रात्रीपर्यंत घरी. आठवडाभर सिलतऱ्याच्या कारखान्यात राबून रविवारी जो सोफ्यावरून हलत नाही, त्याला एकाएकी झाडांची हौस आली. कुठल्या गावाला म्हणून विचारलं तर म्हणतो, "आई, तू फक्त गाडीत बस, डोकं नको लावू." अर्चनानं माझी चांगली साडी इस्त्रीला दिली. झाडाखाली वाकायला चांगली साडी कशाला? राजसला खोदून विचारलं तर पोट्टा हिंदीत सांगतो की पापांनी मना केलं आहे. नातू आपल्या आजीशी मराठीत बोलत नाही हे एक दुःख, आणि मना करण्यासारखं काही आहे हे दुसरं.

काल गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले, तर प्रल्हाद फोनवर कोणाला तरी सांगत होता, "डोळे उघडून राहिले, आता जास्त दिवस थांबता येत नाही. पण आईले कळू द्यायचं नाही." मला पाहिलं आणि लगेच बोनसच्या गोष्टी सुरू. आता या घरात डोळे माझेच उघडले ना?

मला वाटतं, घर विकायचं चाललं आहे. अर्चनाला फ्लॅट हवा हे साऱ्या पाऱ्याला, अख्ख्या आळीला, माहीत आहे. मी दिवसभर बाहेर असले की गिऱ्हाईक येऊन खोल्या पाहून जाईल. माझे गुडघे दुखतात, तुम्ही जा, असं म्हणून पाहिलं, तर सगळे एका सुरात म्हणाले की तुझ्याशिवाय जाणार नाही. इतकं प्रेम मला पचत नाही. तुला प्रल्हाद सगळं सांगतो. काय आहे ते कळव.

आशीर्वाद आहेतच. खरं लिहिलंस तर आणखी पाठवीन.

तुझी
गोदाताई


नागपूर
२३ सप्टेंबर

ती. गोदाताईस नानाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझी भाचेसून इतकी हसली की तिला ठसका लागला. अगं, मुलगा सहलीला नेतो म्हणतो तर आनंदानं जावं. तू लहानपणीही अशीच. मी खाऊ दिला की आधी वास घ्यायचीस.

घर कोणी विकत नाही, माझ्यावर विश्वास ठेव. डोळ्यांचं म्हणशील तर डॉक्टरांबद्दल बोलत असेल. आधी संशय घ्यायचा आणि मग चष्मा लावायचा, ही तुझी जुनी पद्धत. अर्चनानं काढलेली साडी मुकाट्यानं नेस. कांकेरला सकाळी चांगला गारवा असतो, तेव्हा शाल विसरू नकोस. धमतरीला गाडी थांबवायला लाव, चहा घे, चार पावलं चाल, म्हणजे गुडघे आखडणार नाहीत.

आहे तशी माया राहू दे आणि माझ्यावर रागावू नकोस.

तुझा
नाना


गुढियारी, रायपूर
२७ सप्टेंबर

चि. नानास आशीर्वाद, पण या वेळी मोजकेच.

माझं पत्र तुझ्याकडे असेल. पुन्हा वाच. त्यात कांकेर हा शब्द कुठं आहे? मला कोणी गावाचं नाव सांगितलंच नव्हतं, तर मी लिहीन कुठून? शाल कुठं न्यायची हे नागपूरला बसून तुला बरोबर माहीत.

मग मी नीट विचार केला. प्रल्हाद अलीकडे दरवर्षी कंपनीतल्या एका माणसाकडची म्हणून सीताफळांची टोपली आणतो. यंदाची परवा आली. आजवर धुरकट डोळ्यांनी खात होते. या वेळी पाहिलं, तर प्रत्येक फळाच्या देठाला एक हिरवं पान ठेवलेलं. नाना, आपल्या आईची ती रीत. देठ ओढायचा नाही, कापायचा, आणि एक पान राखायचं, म्हणजे फळ कधी तोडलं ते पानावरून कळतं. बाजारात एवढी उसाभर कोण करतो? आणि फळावरच्या खवल्यांच्या रेघा पांढुरक्या होऊन फाकल्या की डोळे उघडले, हा शब्दही तिचाच. आईकडून मी शिकले आणि माझ्याकडून, माझ्या पोरांत, एकटी शर्मिष्ठा.

बँकेतली नोकरी सोडून ती नवऱ्याबरोबर, निरंजनबरोबर, कांकेरकडे शेती करायला निघाली, तेव्हा मी म्हणाले होते की त्या दगडांत काही उगवलं तर मला आणून दाखव. सहा वर्षं पोरगी आली नाही, फोन नाही. पण दाखवत होती, आणि मी बिया थुंकत बसले होते. परवा टोपलीपाशी बसून फार रडले. अर्चनाला सांगितलं की डोळ्यांत थेंब घातले.

आता एकच शंका उरली, तीही तुमच्यावरच. मी येणार हे तिला सांगितलंय का? तुम्हा मामाभाच्यांना मी ओळखते. तिला सांगितलं असेल की फक्त प्रल्हाद आणि मुलं येतात. मी असं चोरून नेलेलं बोचकं व्हायची नाही. तिनं मला पाहून दार लावलं तर मी ते कसं सोसू? तिला कळव. तिचं उत्तर आलं तरच गाडीत बसेन.

माया आहे, पण ती तूर्त राखून ठेवली आहे.

गोदाताई


कांकेर
५ ऑक्टोबर

ती. आईस शर्मिष्ठेचा सा. न.

नानामामाचा फोन आला. तू येणार म्हणतो. आधी हसला, मग घसा साफ केला, म्हणून मला ते खरं वाटेना. तुला खरंच यायचं आहे, की दादा तुला दुसरंच काही सांगून आणतो आहे? आणि यायचंच असेल तर ते मला भेटायला, की इथं काय उगवलं ते तपासायला?

यंदा पाऊस लांबला. फळांचे डोळे अजून घट्ट मिटलेले आहेत. या रविवारी आलात तर रिकाम्या हातानं परत जाल. तेव्हा येऊ नका. दिवाळी झाली की बघू.

निरंजनला हे पत्र दाखवलेलं नाही, म्हणून त्याचा नमस्कार लिहीत नाही. डोळ्यांना जप. थेंब वेळेवर घाल.

शर्मिष्ठा


गुढियारी, रायपूर
८ ऑक्टोबर

चि. शर्मिष्ठेस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी आलं. तेव्हापासून ते कमरेला खोचून हिंडते आहे. तू माझी मुलगी शोभतेस. संशय अगदी माझ्यासारखाच घेतेस, पण खोटं बोलायला मात्र शिकली नाहीस. तीन आठवड्यांपूर्वी डोळे उघडून राहिले म्हणून तूच निरोप दिलास, तो प्रल्हादच्या तोंडून मी गच्चीवर ऐकला. तुझी टोपली खाऊन संपली. झाडावर एकदा उघडलेले डोळे पाऊस लांबला म्हणून परत मिटलेले मी तरी पाहिले नाहीत.

तुला भीती वाटते. मलाही वाटते. तुला भेटायला येते, तपासायला नाही. तपासायचं ते घरी बसून खाऊन झालं, आणि गोड होतं.

प्रल्हाद, अर्चना अजून कुजबुजत असतात आणि मी ऐकू न आल्यासारखं करते. त्यांना वाटतं मला काही माहीत नाही. त्यांची मजा मोडू नकोस. अर्चनानं साडी फार छान इस्त्री करून आणली आहे.

बाकी मायेचं पत्रात काही मागत नाही, समोरासमोर मागेन. रविवारी मी येते आहे. फळं खरोखरच कच्ची असतील, तर ही मंडळी संध्याकाळी परत जातील आणि मी ती पिकेपर्यंत राहीन.

तुझी
आई