दोन चंद्र आन् मामंजींचा उपास

राजूर,
चतुर्थी होऊन गेल्यावर

चिरंजीव मच्छिंद्रास राजूरहून द्वारकामामीचा आशीर्वाद. गणपती तुला बुद्धी देवो (हे रीत म्हणून लिहिलं न्हाई, खरंच मागून राह्यले). तुझी तब्येत कशी हाय, खानावळीचं जेवण अंगी लागतंय का, पुण्यात थंडी पडली का, ते कळव. इकडं सगळे खुशाल हायेत असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खुशाल कोणी न्हाई. तुझे मामा खुर्चीत बसून हायेत आन् उजवा हात मांडीवर असा टाकलाय, जसा दुसऱ्या कोणाचा सांभाळायला घेतलाय. आन् हे सगळं तू दिवाळीला येऊन त्या गेममधी जी सुधारणा करून गेला तिच्यापायी झालं. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो मामी, हो मामी" करतो आन् ठिवून देतो. कागदातून तुला पळता येणार न्हाई. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर कसं येतंय ते मला दिसतंय. डोळे ताण आन् वाच.

आधी काय होतं ते आठव. मामांना लकवा मारला, उजवा हात गेला. ज्या हातानं ते गणपतीच्या देवळापुढच्या आपल्या दुकानात बसून नारळ सोलायचे, शेंडीच्या एका केसाला धक्का न लावता, त्या हातानं त्येंना सदऱ्याची गुंडी लावता येईना. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितल्तं, हाताला चाळा पायजे, आन् एक रबरी चेंडू दिल्ता दाबायला. मामा म्हणले, मी काय लेकरू हाय का. दिला भिरकावून, तो शेजारच्या पुष्पाबाईच्या हौदात पडला, अजून तिथंच तरंगून राह्यलाय. मंग तू तुझा जुना कॉम्प्युटर आणून ठिवला आन् त्यात तो तलवारी-जादूगार-भुतांचा गेम लावून दिला. त्यासाठी मी तुला दुवा दिल्ता, तो परत घेत न्हाई. मामांनी माऊस आधी दोन्ही हातांनी धरला, मंग एकट्या उजव्यानं. दसऱ्याला त्येंनी उजव्या हातानं चहाचा कप उचलला. बशीत थोडा सांडला, पण उचलला. मी आत जाऊन तोंड धुवून आले.

आता एक अडचण होती ती तवाच सांगायला पायजे होती. गेम सुरू करताना तो आपल्या माणसाचं नाव विचारतो. मामांनी आपल्या वडिलांचं घातलं. म्हंजे तुझ्या आजोबांचं, माझ्या सासऱ्यांचं. ते मी इथंबी लिहायची न्हाई, तुला माहीत हाय. त्या दिवसापासून मला कॉम्प्युटरसमोर डोक्यावर पदर घेऊन बसावं लागतं. मागून भूत आलं तरी नाव घेऊन ओरडता येत न्हाई, "मामंजी, मागं बघा जरा" म्हणावं लागतं, तोवर भूत आपलं काम उरकून जातं. पण चालत होतं. डोंगर सपाट होते, झाडं पुठ्ठ्याची होती, सगळे लोक एकाच साच्यातून काढल्यासारखे. आम्हाला बिलकुल तक्रार नव्हती.

तुला होती. दिवाळीला आला, फराळाची ताटली मांडीवर घेऊन पडद्याकडं बघितलं आन् तोंड असं केलं जसं चिवड्यात खडा लागला. म्हणला, मामी, ह्याला मोड टाकल्याशिवाय मजा न्हाई. मी विचारलं, मोड म्हंजे काय रे बाबा? तर म्हणला, गेम बनवणारे वेगळे, आन् नंतर तो घरी बसून फुकट सुधारणारे हौशी लोक वेगळे, त्येंची एकेक सुधारणा म्हंजे एक मोड. फुकट म्हणल्यावरच मी तुझ्या हातातली ती मोडांची सीडी काढून घ्यायला पायजे होती.

तुझ्या एकेका सुधारणेचं सांगते. गेममधल्या गावात एक लोहारीण होती. जबडा रुंद, दंड जाड, कपाळाला आठ्या. बाईकडं बघून भरोसा वाटायचा की ही धार लावून देईल. तू चेहरे सुंदर करायचा मोड टाकला. आता ती भट्टीसमोर उभी हाय, पण लग्नाच्या अल्बममधल्या नवरीवाणी, घाम न्हाई, काजळ पसरत न्हाई. मामा वेशीपर्यंत जातात आन् परत धार लावायला येतात. मी म्हणलं, ती तलवार आता दाभणाएवढी राह्यली असंल. मंग गवताचा मोड. कमरेएवढं गवत, जिकडं बघावं तिकडं. तू म्हणला, बघा मामी किती खरं वाटतंय. खरं वाटतंय म्हणूनच जीव जळतो! एवढ्या मोठ्या राज्यात एक बाई खुरपं घेऊन बसलेली दिसत न्हाई, आन् राजा म्हणे फार कर्तबगार. कॉम्प्युटरलाबी ते गवत झेपंना, धापा टाकायला लागला. त्याला वारा घालायला मी दुकानातला पंखा उचलून आणला, तर तिकडं पेढ्यांवर माश्या. मंग पावसाचा मोड. औंदा इकडं पुष्पाबाईची मोसंबी उभी वाळली, आन् पडद्यात बघावं तवा झड लागलेली. ती बाई रोज येऊन त्या पावसाकडं बघत बसते आन् विचारते, द्वारकाबाई, हे पाणी वाहून जातं कुठं?

वजनाचा एक मोड टाकला. आधी मामंजी ढीगभर तलवारी आन् चार माणसांचं चिलखत घेऊन हरणासारखे पळायचे. आता दोन ढाली उचलल्या की कंबर धरून चालतात. (ह्याच्यात मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हयातीत त्येंनी पाण्याची घागर कधी उचलली न्हाई.) भूक लागायचा एक मोड: मामंजींना बराबर वेळेवर जेवू घाला, न्हाई तर ते खंगतात. आभाळाचा एक मोड: चांदण्या भरपूर आन् चंद्र दोन, एक लाल, एक पांढरा. आन् सगळ्यात शेवटी तो मरायचा मोड. आधी माणूस मेला तर मागच्या मुक्कामावर परत उभा राहायचा. तू म्हणला, त्याच्यात थरार न्हाई, आता मेला की कायमचा मेला. अरे, लकवा मारलेल्या माणसाच्या घरात तू थरार आणून ठिवला?

एकच मोड मी टाकू दिला न्हाई, तो सोबतिणीचा. मामांसंग जंगलात एक बाई हिंडणार, जखमा बांधणार, शेकोटीपाशी बसणार. मी सरळ सांगितलं, ती सीडीतून बाहेर आली तर कॉम्प्युटर हौदात जाईल, चेंडूशेजारी. तू हसला. मामा हसले न्हाईत, लाडवाकडं बघत राह्यले. ते मी ध्यानात ठिवलंय.

तू गेला, आन् दुसऱ्याच दिवशी घोडा दिसंना. म्हंजे घोडा होता, टापा वाजत होत्या, पण दिसत न्हाई. मामंजी हवेत तंगड्या फाकून चालले. एसटी स्टँडपाशी कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे काकासाहेब हायेत, त्येंना बोलावलं. त्येंनी चहा घेतला, मान हलवली आन् म्हणले, मोडांचा क्रम चुकलाय, कोणता आधी कोणता मागून ह्याला फार महत्त्व असतं. मला जल्दी समजलं. हे जावयांच्या पंगतीसारखं हाय. धाकट्याला आधी वाढलं की थोरला रुसतो, थोरला उठला की मधला उठतो, आन् शेवटी पानं वाढलेली आन् मांडवात कोणी न्हाई. तू ह्या सगळ्या जावयांना एका पाटावर बसवून पुण्याची गाडी धरली! काकासाहेबांनी त्येंना वर-खाली बसवलं. घोडा आला, पण घरं जांभळी झाली. म्हणलं राहू द्या, जांभळी तर जांभळी.

आता खरं ते ऐक. परवा संकष्टी. मामांना लकवा झाल्यापासून आम्ही दोघंबी चतुर्थी धरतो. त्या दिवशी राजुरात पाय ठिवायला जागा नसती, मी पहाटेपासून दुकानात. मामा घरी कॉम्प्युटरवर, पुष्पाबाई शेजारी पाऊस बघायला. थोड्या वेळानं कॉम्प्युटरच्या पेटीतल्या मामंजींना भूक लागली. पुष्पाबाई म्हणली, घाला त्येंना जेवू. मामा म्हणले, आज चतुर्थी हाय, आमच्या आबांनी जन्मात चतुर्थी मोडली न्हाई, चंद्र बघितल्याशिवाय ते खाणार न्हाईत. बोल आता! तुझे आजोबा तापानं फणफणलेले असताना चंद्र उगवेपर्यंत पाण्यावर राह्यले, हे तुला माहीत, मला माहीत. तुझ्या त्या मोडला माहीत होतं का? आन् तिथला दिवस आपल्यासारखा लांब न्हाई. मी इकडं हार विकून राह्यले तोवर तिकडं कितीतरी दिवस उगवले आन् मावळले, आन् मामंजींचा उपास चालूच.

मामा म्हणले, तिथला उपास तिथल्याच चंद्रावर सुटंल. तिथला चंद्र बघावा तर तुझा पाऊस, आभाळ गच्च. मंग एकदाचं फाटलं, तर लाल चंद्र. मामा म्हणले, हा चतुर्थीचा न्हाई, पांढऱ्याची वाट बघू. पुष्पाबाई म्हणली, चंद्र तो चंद्र, दाखवा नैवेद्य. दोघांची जुंपली, आन् ती तावातावानं थेट दुकानात आली. पुढ्यात गिऱ्हाइकांची ही गर्दी, आन् ही लांबूनच ओरडती, द्वारकाबाई, दोन चंद्र हायेत, उपास कोणत्यावर सोडायचा? एक माणूस हातात नारळ घेऊन वर आभाळाकडं बघायला लागला. त्याचं बघून त्याची बायको बघायला लागली. भर उन्हात माझ्या दुकानापुढं रांगच्या रांग माना वर करून उभी. मी म्हणलं, कोणत्याबी चंद्रावर सोडा, पण त्येंना खाऊ घाला म्हणावं, जल्दी पळ. ती पळाली. पण तोवर मामंजी खाली पडले होते, आन् पडले ते तुझ्या गवतात. दिसंनातच. मामा माऊस इकडून तिकडं फिरवत राह्यले, आबा कुठं गेले, आबा कुठं गेले. पडद्यावर दोन ओळी आल्या आन् सगळं काळं झालं.

माझे सासरे असे दुसऱ्यांदा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाईनं भाकरी-पिठलं आणून ठिवलं, मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत म्हणून. मी म्हणलं, बाई, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? ती म्हणली, रोज बघत होते ना मी त्येंना. मी ताटं घेतली. पिठलं चांगलं झाल्तं. मामाबी जेवले. डाव्या हातानं.

म्हणून तुला ताकीद हाय. काकासाहेब कॉम्प्युटर तपासून सांगतात की मोड टाकायच्या आधी तू मामंजींची एक नक्कल तुझ्या पेनड्राइव्हवर उतरून घेतली होती. ती घे आन् येत्या रविवारच्या पहिल्या गाडीनं ये. मामंजी होते तसे उभे कर, सपाट डोंगरात, पुठ्ठ्याच्या झाडांखाली, आन् तुझे सगळे मोड, झाडून सगळे, काढून घेऊन जा. पुढची चतुर्थी मंगळवारी आलीय, अंगारकी. दुकानात मला नारळ सोलणारा हात पायजे, आन् तो मला दुसऱ्या कोणाचा नको. जितके दिवस तो मांडीवर पडून राहील तितका तो जड होत जाईल, हे डॉक्टरनं मला एकटीला सांगितलंय.

मोठ्यांना माझा नमस्कार सांग, बारक्यांना खाऊ दे, आन् तुला काय द्यायचं ते मी तू समोर आल्यावर ठरवीन.

तुझी मामी,
द्वारकाबाई

ता. क. सगळे काढ म्हणले, पण पावसाचा तेवढा राहू दे. पुष्पाबाईनं विचारलंय. तिला दुसरीकडं कुठं बघायला मिळत न्हाई.

ता. क. लोहारणीचा जबडा आधीसारखा करायला विसरू नको. हे सगळ्यात आधी कर.

ता. क. मामा आता झोपलेत म्हणून हे लिहिते. तो सोबतिणीचा मोड अजून तुझ्यापाशी असला तर घेऊन ये. माणूस एवढं जंगल एकटा हिंडतो, त्याला वेळेवर भाकर खाऊ घालणारं कोणी पायजे, चतुर्थी असो का एकादशी. पण ती नटवी नको. सोबत माझा फोटो लावलाय, रेशन कार्डासाठी काढलेला, त्याच्यावरून तोंड कर. आठ्या काढू नको. लुगडं नऊवारी. सारखी "हो, हो" म्हणणारी नको, आन् तिला गप करायचं बटन असलं तर ते आधी काढून टाक. आन् मंग त्या पेटीतल्या माणसाचं नावबी बदलावं लागंल, सुनेनं सासऱ्याच्या मागं रानात हिंडणं बराबर दिसत न्हाई. तुझ्या मामाचंच घाल. ते मी लिहीत न्हाई, तुला माहीत हाय.

त्येंना आधी काही सांगू नको. ती समोर आली की ते ओळखतात का, ते मला मागं उभं राहून बघायचंय. ओळखलं न्हाई, तर तो मोडबी काढून टाक.