चौतिसावा चिमटा

मी, नागसेन भाऊसो कुरणे, वय ६३, राहणार पेठ वडगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. पुढील महिन्यात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला जोडला आहे, तो डॉ. अमरसिंह यांच्याकडून घेतलेला नाही. कारण पुढे येईल.

१. वडगावचे राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी शालन हिला.

२. कागल एमआयडीसीतील शेडचा हक्क, लेथ आणि सूक्ष्मदर्शक मुलगी साक्षी हिला. याच शेडमध्ये डोळ्यांचे सर्जन डॉ. अमरसिंह यांच्या सांगण्यावरून मी डोळ्याच्या पडद्यावर धरलेला सायीसारखा पापुद्रा सोलायचा चिमटा बनवला. महागडा परदेशी चिमटा गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून. सात वर्षे बकऱ्यांच्या डोळ्यांवर तपासला. चौतिसावा चिमटा सूक्ष्मदर्शकाखाली धरून साक्षी म्हणाली, "पप्पा, टोकाला तडा हाय. ह्यो देऊ नका."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली होती. मी दिला.

टोक मुरगूडच्या विठाबाईंच्या डोळ्यात तुटले. पडदा फाटला, डोळा गेला. डॉक्टरांनी कागदावर लिहिले, पडदा मुळातच कमकुवत होता. मी गप्प बसलो. साक्षी शेड सोडून पुण्याला गेली. यंत्रे ठेवावीत की विकावीत, हे तिला सांगायचा अधिकार मी गमावला आहे.

३. दोन वर्षांनी, गेल्या मार्चमध्ये, मी मुरगूडला जाऊन विठाबाईंना सगळे सांगितले. डॉक्टरांना माहीत आहे का, एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो.

"म्हंजे तुमास्नी ठावं, डाक्टरला ठावं, तुमच्या पोरीला ठावं. डोळा माझा, आन् मलाच ठावं न्हवतं व्हय?"

त्या उठून आत गेल्या. माझा सहीचा कबुलीजबाब मी उंबऱ्यावर ठेवून आलो. त्यांनी कोर्टात जायचे ठरवले तर माझ्या घरच्यांनी आड येऊ नये. शालन म्हणते, झालं ते झालं. मला तसे वाटत नाही.

४. चिमट्याचे आराखडे साक्षीखेरीज कोणाला देऊ नयेत. चिमटा चांगला आहे, हे मी आजही म्हणतो. त्याने कित्येकांना दिसू लागले.

५. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून पुतण्या ॲड. प्रसेनजीत याला नेमतो. चौतिसाव्याच्या सदोष पोलादातूनच आणखी नऊ चिमटे झाले होते. दवाखाने पालथे घालून मी सहा परत आणले आणि मोडले. क्रमांक ३६, ३९ व ४१ सापडलेले नाहीत. मी गेलो तरी शोध थांबवू नये. ते आजही कोणाच्या तरी डोळ्यात उतरत असतील.

स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, मग सही केली.

नागसेन भाऊसो कुरणे

आमच्या देखत सही झाली:
१. आकाराम दत्तू चौगुले
२. खिजर चमन मुल्ला

पेठ वडगाव, १४ सप्टेंबर २०२५