औषधापलीकडचा शब्द

फलटण, ७ सप्टेंबर २०२४

चि. शिवांजलीस आबांचा आशीर्वाद.

सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. लय म्हातारे हायेत. ते तुझ्या आईशी बोलत होते, मी दोघांची तोंडं बघत होतो. शेवटी कागदावर इंग्रजीत एक शब्द लिहिला. इम्मेडिकेबल. आई म्हणते, हळूहळू सुधारंल असा त्याचा अर्थ हाय. तिचे डोळे तसं म्हणत न्हाईत. तू पाचगणीत पोरांना इंग्रजी शिकवतेस, तूच सांग. मी फौजेत तोफखान्यात होतो तवा गोळा कुठं पडला ते आमाला सरळ सांगायचे.

तुझा फोन आला की नुसती घरघर ऐकतो आन् ठेवून देतो. करमत न्हाई गं.

तिथं गारठा असंल, स्वेटर घालत जा. आमच्यावर माया हायेच, ती तशीच ठेव.

तुझा आबा

पाचगणी, १२ सप्टेंबर

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

शब्द जुना आहे, हल्ली फारसं कुणी वापरत नाही. मूळ लॅटिन. बरं करणं याला तिथं जो शब्द आहे, त्याच घरातलं आपलं 'मेडिसिन'. त्याच्या आधी 'नाही' लावलं की झालं, औषध लागू न पडणारं. दुखण्याला म्हणतात, तसं दुःखालाही.

इथवर वर्गात शिकवावं तसं लिहिलं आणि पेन अडलं. आबा, कान बरे होणार नाहीत. उजव्यात थोडं उरलंय, तेही जाईल, असं डॉक्टर आईला म्हणाले. आई फोनवर सांगताना रडत होती. तिच्यावर रागावू नका.

रविवारी येते. तुमच्या उजव्या हाताला बसणार आहे.

आईला नमस्कार. जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची लेक शिवांजली

फलटण, २९ सप्टेंबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

तू गेल्यावर आई चार दिवस हलकी होती. तिला आता काही लपवावं लागत न्हाई.

काल सकाळी उसाला पाणी सोडलं. पाटातनं पळताना दिसलं, आवाज आला न्हाई. उजवा पण गेला.

त्या रविवारी तू कानाशी बसून दुपारभर बोललीस. तुझा आवाज तुझ्या आजीसारखा झालाय, हे मला फोनवर कधी कळलंच नव्हतं. बोललीस त्यातलं निम्मं समजलं न्हाई. पण मधी विचारलं असतं तर तू थांबली असतीस, म्हणून मान हलवत ऱ्हायलो.

काय काय बोललीस, ते आता लिहून धाड.

वाट बघणारा,
आबा