एफ म्हणजे फ्रंट

३ मार्च, सोमवार
मांगवोन वस्तीतल्या तळघरात बँडचा सराव. बँड चालवणारी सेरिनताई म्हणाली, युनसोल, तू ठोक्याच्या मागे राहतेस गं, अख्खं गाणं तुझी वाट बघत थांबतं. बावीसला ती माझं आणि आणखी एका मुलीचं वाजवणं ऐकून बँडची गिटार कोणाकडे ते ठरवणार.
विचार केल्यावर कारण सापडलं. अॅम्प. गिटारचा आवाज त्यातून जड येतो, म्हणून उशिरा निघाल्यासारखा वाटतो.
संकल्प: उद्यापासून रोज दोन तास मेट्रोनोमच्या टकटक ठोक्यावर सराव.

४ मार्च
मेट्रोनोम नाही. आधी आवाज, मग सराव. नाहीतर बोटांना चुकीच्या आवाजाची सवय लागेल.
नाग्वोन बाजारात मेंगकाकांकडे गेले. अॅम्प त्यांनीच बांधलेला. म्हणाले, आतली सगळ्यात सुरुवातीची काचेची ट्यूब बदलून बघ, आवाज तीच ठरवते. पण बोटं कुठून आणशील? जुन्या पिढीला विनोद फार.

५ मार्च
अॅम्प बंद केला, गार होऊ दिला, मागची फळी काढली. चार छोट्या ट्यूब. प्रत्येकीखाली काकांच्या अक्षरात खूण: १, २, ३ आणि एफ. एफ म्हणजे फ्रंट. सुरुवातीची! घरातली पहिली पदवी माझी, तीही इंग्रजी साहित्याची. शेवटी उपयोग झाला.
रशियन ट्यूब बसवली. जमीन-अस्मानाचा फरक. बाबांना ऐकवलं. ते लिफ्ट दुरुस्त करतात, यंत्राचा आवाज त्यांना कळतो. म्हणाले, छान आहे. मघाशीही असाच छान होता.
बाबा थकलेले असतात.

९ मार्च
रशियन ट्यूबमध्ये ऊब आहे, प्रामाणिकपणा नाही. चिनी बसवली. प्रामाणिकपणा आला, ऊब गेली. आवाज थरथरवायचं बटण मी कायमचं बंद ठेवलंय. थरथर म्हणजे उसनी भावना.
मेट्रोनोम सापडला.

१४ मार्च, संध्याकाळी ६.४०
काकांकडून जुनी जपानी ट्यूब आणली. म्हणाले, दुकान काढतेस की काय? बसवल्यावर आवाजात समजूतदारपणा आला. हीच ती.
त्याआधी घरी येताना लिफ्टमध्ये एफचं बटण दाबलं आणि हसू आलं. शुभशकुन.

२१ मार्च
आईने परीक्षेला देते तसा यॉत मिठाईचा चिकट तुकडा दिला. म्हणाली, चिकटून राहा. मेट्रोनोम आता लावला तर ताण येईल.

२२ मार्च
वाजवलं. सेरिनताई डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, आवाज सुंदर आहे गं. तू अजून मागेच आहेस.
दुसऱ्या मुलीने अॅम्प आणलाच नव्हता. माझ्यावर वाजवलं. वेळेवर.
गिटार तिच्याकडे गेली. सेरिनताईने हळूच विचारलं, अॅम्प इथेच राहिला तर चालेल का? तिला फार आवडलाय. म्हटलं, उद्या सांगते, आणि अॅम्प घरी आणला.

२३ मार्च, रविवार
अॅम्प द्यायचं ठरवलं. कला कोणाच्या मालकीची नसते. शिवाय माझी जपानी ट्यूब तरी बँडमध्ये राहील.
बाबा उचलायला आले. मागे वाकून म्हणाले, ही चौथीच तेवढी नवी का? म्हटलं, चौथी नाही, फ्रंट. बाबा बघतच राहिले. म्हणाले, आपल्या कोरियन भाषेत चार आणि मरण एकाच उच्चाराचे, म्हणून चार लिहीत नाहीत, फोरचा एफ लिहितात. अगं, एकवीस वर्षं एफ मजल्यावर राहतेस, रोज काय दाबतेस?
काकांना फोन केला. चौथी ट्यूब फक्त थरथरीची. बटण बंद असेल तर ती असली काय, नसली काय, म्हणाले.
अॅम्प पोहोचवून आलो. लिफ्ट नको म्हटलं. जिन्याने चढलो. एक, दोन, तीन, चार. बाबा पुढे होते. दारात माझी वाट बघत थांबले.