खिळ्यावरचं फडकं

आप्पा, आज सकाळी संपादकांनी मला एक विषय दिला. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या अगदी सूक्ष्म डीएनएवर किती भरवसा ठेवावा. संध्याकाळपर्यंत लेख हवा होता. मी हो म्हटलं. आपल्या घराचं त्यांना काही माहीत नाही. एका निवृत्त शास्त्रज्ञांना फोन लावला, तर त्यांनी वर्गात शिकवावं तसं शांतपणे सांगितलं. माणूस हात लावतो तिथे त्याच्या कातडीचे, घामाचे कण राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण यंत्र ते वाढवून वाचतं. कण कोणाचे, हे बऱ्यापैकी सांगता येतं. ते तिथे कधी आले आणि कसे आले, हे सांगता येत नाही. ते टॉवेलवरून जातात, दुसऱ्याच्या हातावर बसून जातात. "माणूस ज्या खोलीत कधी गेलाच नाही, तिथेही त्याचे कण सापडू शकतात," ते म्हणाले. मी वाक्य लिहून घेतलं. हे वाक्य तुमच्या केसच्या वेळी हैदराबादेत कोणी बोललं असतं तर, असं मनात येत होतं. मग आठवलं, बोलून उपयोग झाला नसता. फडक्याबद्दलची साक्ष तुम्हीच देऊ दिली नव्हतीत.

तुम्ही इन्व्हर्टरच्या कंपनीत होतात. शहरात नवे कंप्युटरवाले येत होते, नवे फ्लॅट उठत होते आणि वीज मात्र जुन्यासारखीच जात होती, त्यामुळे तुमच्या कामाला खंड नव्हता. स्कूटरला डिस्टिल्ड पाण्याचे कॅन बांधून घरोघर जायचात, बॅटऱ्यांत पाणी भरायचात, तारांची टोकं घासून ग्रीस लावायचात. त्यातलं एक घर तुमच्या विशेष आवडीचं. पुण्याहून आलेलं कुटुंब, साहेब कंप्युटर कंपनीत, बाई मराठी बोलणारा माणूस भेटला म्हणून खूश. "आपली मानसं हायत," तुम्ही आईला सांगायचात. "घरातल्यासारखं वागवतात. च्या घेतल्याबिगर सोडत नाहीत." बारावीच्या सुट्टीत मी एकदा तुमच्याबरोबर गेले. मला कोठीच्या बाजारात जुनी पुस्तकं घ्यायची होती आणि ते घर वाटेवर होतं.

मी अजून त्या घराच्या मागच्या बाल्कनीत उभी आहे. खाली बॅटऱ्या, वर खिडकीच्या कट्ट्यावर एक कप, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. शेजारी खिळ्याला एक फडकं. बाई किटली घेऊन येतात आणि कपाला किटली लागणार नाही इतक्या वरून चहा ओततात. मला बिस्किटं कागदावर मिळतात. तुम्ही चहा पिता, कप स्वतः नळाखाली विसळता, हात आणि मान फडक्याला पुसता, फडकं परत खिळ्याला लावता. सगळं इतकं सवयीचं, की मला आधी काही वेगळं वाटतही नाही. मग घरकाम करणारी तेलुगू बाई येते, तेच फडकं ओढून घेते आणि आत जाते. उघड्या दारातून मला दिसतं, ती टीव्ही पुसते, मग आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट पुसते, हँडल जरा जोर लावून पुसते. स्वयंपाकघरात ते फडकं चालत नव्हतं, म्हणून बाकी घरभर चालायचं. परतताना स्कूटरवर मी तुमच्या पाठीला विचारलं, तो कप वेगळा का होता. तुम्ही म्हणालात, गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही.

पुढे त्याच कपाटातून बाईंच्या पाटल्या गेल्या. कुलूप फोडलेलं नव्हतं. पोलिसांनी हँडलवरून कापसाचा बोळा फिरवला, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रक्त घेतलं. ही तपासणी तेव्हा नवीनच होती आणि नवीन यंत्राचा दरारा मोठा होता. प्रयोगशाळेने लिहिलं होतं, की नमुन्यात एकाहून जास्त माणसांचे कण मिसळलेले आहेत आणि त्यातून तुम्हाला वगळता येत नाही. इन्स्पेक्टरनी ते तुम्हाला तिकडच्या दखनी हिंदीत सांगितलं. "मियां, तुम बोलते उस कमरे में गएच नईं. मशीन बोल रई गए. मशीन कू तुमसे क्या दुश्मनी?" दुसऱ्या दिवशी पेपरात 'वगळता येत नाही'चं 'सापडला' झालं होतं. त्या उपसंपादकालाही संध्याकाळच्या आत बातमी सोडायची असणार. आता मला ते कळतं, कळून राग कमी होत नाही. तुम्ही आतल्या खोलीत कधीच जात नव्हतात, हे साहेबांनी, बाईंनी, सगळ्यांनी मान्य केलं आणि तेच तुमच्यावर उलटलं. जिथे पाऊल टाकायची परवानगी नाही, तिथे हात कसा पोचला? आजोबांच्या गावात आपला स्पर्श इतका चिकट मानायचे, की सावलीसुद्धा जपून टाकावी लागे. शहरात आलो, शिकलो, पगाराची नोकरी धरली, आपल्याला वाटलं तो धुतला गेला. मग एक यंत्र आलं आणि म्हणालं, आहे अजून, हँडलवर.

कोठीला एका पुस्तकांच्या दुकानाच्या वर आपल्या वकिलांची खोली होती. फडक्याची गोष्ट त्यांना मी सांगितली, तुम्हाला न विचारता. ते खुर्चीत सरळ होऊन बसले. केसला इथेच दार आहे, म्हणाले. कोर्टात त्यांनी बाईंना विचारलं, मेकॅनिकसाठी कप आणि फडकं वेगळं ठेवलं होतं का. बाई दुखावल्यासारख्या झाल्या. आमच्या घरी असलं काही पाळत नाहीत, ते आमच्याच कपातून चहा घ्यायचे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. त्यांना तुम्हाला अडकवायचं होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांना फक्त चांगलं माणूस राहायचं होतं. घरकामवाली तोवर काम सोडून तिच्या गावी गेलेली, तिचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. राहिलो तुम्ही आणि मी. दोघांनी साक्ष द्या, वकील म्हणाले.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, सांगून टाका, त्यात काय एवढं. तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत.

"चोर म्हनतात ते खोटं हाय. खोटं आज ना उद्या निघून जातं. कपाचं खरं हाय. ते एकदा कोर्टात बोललं, की कुटं धुवायचं?"

"मग जेलात बसून धुवा," आई म्हणाली.

तुम्ही भाकरी मोडलीत, खाल्लीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "आन् लेकीनं तिथं उभं राहून सांगावं, माझ्या बापाला बाल्कनीत च्या देत होते? नक्को."

तुमच्या त्या नक्कोपुढे आमचं कधीच काही चाललं नाही. केस वर्षानुवर्षं रखडली. नोकरी तर पहिल्याच आठवड्यात गेली होती. शेवटी संशयाचा फायदा देऊन सोडलं. फायदा तुमचा आणि संशयही तुमचाच. पाटल्या कधी सापडल्या नाहीत. तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिक्सर, पंखे दुरुस्त करायला लागलात. ज्यांच्या घरी जायचात ते आता चहा आतल्याच कपातून द्यायचे, पण काम संपेपर्यंत तुमच्या हातांकडे बघत जवळ उभे राहायचे. त्यानंतर तुम्ही फार वर्षं जगला नाहीत.

आज फोन ठेवण्याआधी मी त्या शास्त्रज्ञांना एक जुनी केस म्हणून सगळं विचारलं. फडक्यावरून हँडलवर जाऊ शकतं का? "शक्य आहे," ते म्हणाले. "पण तसंच झालं असं आता कोणीच सांगू शकणार नाही." बरोबर बोलले. कण कसा आला ते सांगता येत नाही म्हणून तुम्ही चोर ठरत नाही, आणि त्याच कारणाने तुम्ही चोर नव्हतात हेही ते सांगणार नाहीत. मला एक स्पष्ट 'नाही' हवं होतं. ते फक्त तुमच्या तोंडून मिळालेलं आहे, आणि तुम्ही गाडीच्या आवाजाचं कारण सांगणारा माणूस होतात.

लेख वेळेत दिला. त्यात एक उतारा तुमचा आहे, नाव-गाव न देता. एका घरी एका मेकॅनिकने वेगळ्या फडक्याला हात पुसले, त्याच फडक्याने पुढे कपाट पुसलं गेलं. संपादकांना उतारा आवडला. त्यांनी एवढंच विचारलं, मेकॅनिकसाठी फडकं वेगळं कशाला, वाचकाला प्रश्न पडेल. दोन ओळी घाला, जागा आहे, म्हणाले. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते आप्पा. मी म्हटलं, 'वेगळ्या' हा शब्द तेवढा काढून टाका.